विश्लेषण : सिंक तुंबले? अ‍ॅसिडची बाटली उघडण्याआधी पाइप उघडा!

दिवाळीच्या फराळाची शेवटची कढई घासून होते आणि सिंकमधले पाणी जागचे हलत नाही. प्लंबरला फोन लावावा तर तो गावी गेलेला, नाहीतर ‘उद्या बघतो’ म्हणणारा. मग घरातला प्रत्येक जण आपापला उपाय सांगू लागतो. कोणी खायचा सोडा आणि व्हिनेगर आणते, कोणी इनोच्या पुड्या फोडते, कोपऱ्यावरचा दुकानदार पांढरी पावडर पुढे करतो आणि बाथरूमच्या कोनाड्यात फरशी धुण्याच्या अ‍ॅसिडची बाटली असतेच. यातले पहिले दोन उपाय बहुतांशी निरुपयोगी आहेत, शेवटचे दोन धोकादायक. घरातल्या घरात तुंबलेल्या बऱ्याच जागा मात्र कोणतेही रसायन न वापरता, अर्ध्या तासात, हातानेच मोकळ्या करता येतात. त्यासाठी पाणी कुठे आणि कशाने अडले आहे, एवढे आधी समजून घ्यावे लागते.

पाणी अडते ती जागा

सिंक, बेसिन, बाथरूमची मोरी किंवा कमोड, कुठलेही तोंड सरळ गटाराला जोडलेले नसते. मधे एक वळण असते. त्या वळणात नेहमी थोडे पाणी साचून राहते आणि गटारातली दुर्गंधी, झुरळे व वायू घरात येऊ देत नाही. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ मध्ये लंडनमध्ये संडासासाठी इंग्रजी एस अक्षराच्या आकाराच्या अशा वळणाचे पेटंट घेतले. आजच्या प्रत्येक फ्लॅटमधले ‘ट्रॅप’ हे त्याच कल्पनेचे वंशज आहेत. बेसिनखाली बाटलीसारखा दिसतो तो बॉटल ट्रॅप. बाथरूमच्या जमिनीतला तो नहाणी ट्रॅप, ज्याला कामगार ‘नानी ट्रॅप’ म्हणतात. (नहाणी हा आपला घरगुती शब्द इंग्रजीतल्या बांधकामाच्या पुस्तकांतही तसाच गेला आहे.) कमोडचा ट्रॅप त्याच्या चिनी मातीतच घडवलेला असतो.

वळण आले की पाण्याचा वेग मंदावतो आणि जड वस्तू तिथेच बसते. म्हणून चोकअप बहुतेक वेळा तोंडापासून हात-दोन हातांच्या अंतरात, ट्रॅपमध्ये किंवा त्याच्या अलीकडे-पलीकडे सापडतो. प्लंबरही आल्याबरोबर पहिल्यांदा हीच जागा उघडतो.

तेल पातळ असताना ओतले, पाइपात घट्ट झाले

स्वयंपाकघरातला खरा गुन्हेगार भाताची शिते नव्हेत, तेल-तूप आहे. गरम कढईतले तेल सिंकमध्ये ओतताना पाण्यासारखे वाहते. पाइपात गेल्यावर ते थंड होते आणि भिंतीला चिकटते. त्यावर कणकेचे पाणी, डाळीचा साका, चहाचा चोथा, कोथिंबिरीच्या काड्या बसत जातात. वनस्पती तुपात तळलेल्या फराळानंतर सिंक हमखास तुंबते, कारण ते तूप खोलीच्या तापमानालाच घट्ट असते.

बाथरूमचे गणित थोडे वेगळे. तिथे केस जाळे विणतात आणि साबण ते जाळे भरून काढतो. बोअरवेलचे पाणी जड असेल तर त्यातले कॅल्शियम साबणाशी संयोग पावून पाण्यात न विरघळणारी पांढरट साय तयार करते. बादलीच्या कडेला जो चिकट थर दिसतो, तोच पाइपातही असतो. त्यात अंगाला आणि केसांना लावलेले खोबरेल. ते साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठते, म्हणजे पुण्या-नाशिकच्या थंडीत बाटलीत गोठते तसेच नहाणीतही. उन्हाळ्यात बरी चालणारी मोरी डिसेंबरात का तुंबते, याचे एक उत्तर इथे आहे.

एक तुंबले की सगळेच?

काहीही करण्याआधी घरातला एकेक नळ सोडून पाहावा. फक्त किचनचे सिंक तुंबले असेल आणि बेसिन, बाथरूम व्यवस्थित चालत असेल तर अडथळा सिंकच्या स्वतःच्या पाइपात आहे आणि काम घरच्या घरी होण्यासारखे आहे. बेसिनचा नळ सोडल्यावर नहाणीतून गुडगुड आवाज येत असेल किंवा वॉशिंग मशीनचे पाणी बाथरूमच्या जाळीतून वर येत असेल तर दोघांची पुढची सामाईक वाहिनी अडलेली आहे. आपल्या घरात कोणीही पाणी वापरत नसताना मोरीतून घाण पाणी वर येत असेल तर ते वरच्या मजल्यावरचे पाणी आहे. इमारतीचा उभा पाइप किंवा खालचा चेंबर तुंबला आहे. तळमजल्यावरच्या घरांना हा अनुभव नवा नाही. अशा वेळी आपल्या सिंकमध्ये काहीही ओतून उपयोग होत नाही. आधी वरच्या मजल्यांना पाणी वापरणे थांबवायला सांगावे आणि सोसायटीला कळवावे.

दुर्गंधी येते पण पाणी मात्र नीट जाते, ही तक्रार वेगळी. महिनाभर घर बंद असेल तर ट्रॅपमधले पाणी वाळून जाते आणि गटाराचा वास सरळ घरात शिरतो. दोन तांबे पाणी ओतले की वास थांबतो. या एका कारणासाठी दर वर्षी किती फिनेल उगाच ओतले जात असेल!

किचन सिंक : आधी खालचा पाइप

आपल्याकडच्या बहुसंख्य घरांत सिंकच्या तळाच्या जाळीखाली एक पन्हळीदार लवचीक पाइप असतो. तो वर प्लॅस्टिकच्या नटाने सिंकला जोडलेला आणि खाली भिंतीतल्या किंवा जमिनीतल्या तोंडात खोचलेला असतो. या पाइपाच्या प्रत्येक पन्हळीत चरबीचा थर बसतो, शिवाय तो सैल पडून मधेच झोळ पडलेला असेल तर त्या खोलगट भागात सगळे साचते. सिंकच्या तक्रारींपैकी कितीतरी इथेच मिटतात.

सिंकमधले साचलेले पाणी आधी मगने बादलीत काढून घ्यावे. सिंकखालचे डबे, पिशव्या बाजूला करून पाइपाखाली दुसरी बादली ठेवावी. हातात रबरी मोजे घालावेत. वरचा नट घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला की सुटतो. सहसा हातानेच, घट्ट असेल तर कापड गुंडाळून. पक्कड लावून जोर केला तर प्लॅस्टिकचे आटे तुटतात आणि मग खरोखरच प्लंबर लागतो. नट सुटताना आतला वायसर कसा बसवला होता, कोणती बाजू वर होती, याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. पाइप खालच्या तोंडातून ओढून काढावा आणि थेट बाहेरच्या नळाखाली न्यावा. तिथे गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि बाटली धुण्याचा लांब ब्रश यांनी तो आतून घासावा. निघालेला चिकट गोळा पुन्हा नहाणीत सोडू नये, वर्तमानपत्रात बांधून कचऱ्यात टाकावा. नाहीतर चोकअप फक्त एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो.

पाइप काढलेला असतानाच भिंतीतल्या किंवा जमिनीतल्या तोंडात एक तांब्या पाणी हळूच ओतून पाहावे. ते सुरळीत गेले तर दोष पाइपाचाच होता. तिथेही पाणी उभे राहिले तर अडथळा पुढे आहे आणि त्यासाठी स्प्रिंग लागेल. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी ही लवचीक तारेची स्प्रिंग तोंडातून आत सरकवायची, अडथळा लागला की मूठ फिरवत पुढे रेटायची आणि फिरवतच बाहेर ओढायची. नुसते ढकलले तर गोळा पुढच्या वळणात जाऊन बसतो. पाइप जुना, कडक झालेला असेल तर परत बसवण्याऐवजी नवाच घ्यावा. तो महाग वस्तूंपैकी नाही. बसवताना झोळ राहणार नाही एवढ्याच लांबीचा ठेवावा. शेवटी सिंक भरून पाणी एकदम सोडावे आणि सांध्याभोवती कोरडा कागद फिरवून कुठे ओल लागते का ते पाहावे.

बेसिनचा बॉटल ट्रॅप तर याहून सोपा. त्याची खालची वाटी हाताने फिरवून सुटते. आत केस, दाढीचा फेस, कधीकधी हरवलेली कानातली रिंगही सापडते. म्हणूनच दागिना बेसिनमध्ये पडला तर नळ ताबडतोब बंद करावा आणि वाटी उघडावी. तो बहुधा तिथेच असतो.

रबरी पंपाने जोर कसा लावायचा?

लाकडी दांड्याचा रबरी पंप अनेक घरांत असतो, पण तो हवेतच दाबला जातो आणि मग ‘याने काही होत नाही’ म्हणून कोपऱ्यात पडतो. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबले जात नाही. त्यामुळे पंपाखाली हवा असेल तर सगळा जोर तिथेच विरतो. रबरी वाटी बुडेल इतके पाणी सिंकमध्ये हवेच. बेसिनच्या वरच्या कडेखाली असलेले ओव्हरफ्लोचे भोक ओल्या फडक्याने घट्ट बंद करावे. दोन भांड्यांचे सिंक असेल तर दुसऱ्या भांड्याचे तोंडही दाबून धरावे. वाटी तिरकी करून आतली हवा बाहेर जाऊ द्यावी आणि मग सरळ ठेवून पंधरा-वीस वेळा सलग वर-खाली करावे. ओढताना बसणारा झटका ढकलण्याइतकाच महत्त्वाचा असतो. तोच गोळा सैल करतो. तीन-चार फेऱ्यांनंतर पाणी हलले नाही तर थांबून पाइप उघडावा.

पंप नसेल तर बेसिनसाठी एक लिटरची प्लॅस्टिकची बाटली पाण्याने भरून, तोंड उलटे छिद्रावर दाबून, जोरात पिळावी. केस-साबणाचा कोवळा गोळा यानेही सरकतो.

नहाणीची जाळी उचला

बाथरूममध्ये जाळी उचलली की खाली एक वाटी किंवा टोपण असते. तेही उचलता येते, हे वर्षानुवर्षे त्या घरात राहणाऱ्यांनाही पुष्कळदा माहीत नसते. ती वाटी बाहेर काढून धुवावी, मोजे घातलेल्या हाताने किंवा काटे असलेल्या प्लॅस्टिकच्या पट्टीने केसांचे पुंजके ओढून काढावेत. वॉशिंग मशीनचा पाइप याच नहाणीत सोडलेला असेल तर कपड्यांचे तंतूही निघतात. काम झाल्यावर वाटी पुन्हा जागेवर ठेवायला विसरू नये. ती काढून टाकली की पाणी झपझप जाते खरे, पण वास आणि झुरळे अडवणारे पाणीही त्यासोबतच जाते.

कपडे वाळत घालायच्या हँगरची तार सरळ करून आत घालणे हा लोकप्रिय उपाय आहे. केस ओढायला तो चालतो, पण पन्हळीदार पाइपात ती तार घातली तर पाइपाला भोक पडते आणि सिंकखालच्या कपाटाचे प्लायवूड कुजल्यावरच ते लक्षात येते.

कमोडच्या बाबतीत एकच पथ्य : पाणी वर येताना दिसले की पुन्हा फ्लश दाबायचा नाही. पाण्याची पातळी उतरू द्यावी, भांड्यांचा साबण आणि गरम, पण उकळते नव्हे, अर्धी बादली पाणी कमरेच्या उंचीवरून एका दमात ओतावे. उकळत्या पाण्याने चिनी मातीला तडा जाऊ शकतो. तेवढ्याने न झाल्यास कमोडचा पंप वापरावा. सॅनिटरी पॅड, डायपर किंवा ‘फ्लश करता येतील’ असे छापलेले ओले टिश्यू आत गेले असतील तर ते विरघळणार नाहीत, ओढूनच काढावे लागतात.

सोडा आणि व्हिनेगर : फेस भरपूर, काम थोडे

समाजमाध्यमांवरच्या व्हिडीओंत सोडा आणि व्हिनेगरचा फेस पाहायला छान वाटतो. पण आम्ल आणि अल्कली एकत्र आले की ते एकमेकांना निष्प्रभ करतात. उरते ते पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि सोडियम अ‍ॅसिटेट नावाचे एक निरुपद्रवी मीठ. यातले काहीही चरबी किंवा केस विरघळवत नाही. फेसाने एखादा सैल कण हलतो, इतकेच. इनो आणि लिंबाचेही तेच. त्यापेक्षा भांड्यांचा साबण आणि गरम पाणी अधिक कामाचे, कारण साबण तेलाला पाण्यात मिसळू देतो. इथेही पाणी खळखळ उकळते नको. पीव्हीसीचा पाइप त्या तापमानाला मऊ पडतो आणि सांधे सैल होतात. हाताला जेमतेम सोसवेल इतके गरम पुरते.

पावडर आणि अ‍ॅसिड यांचा धोका

दुकानात मिळणाऱ्या बहुतेक ‘ड्रेन क्लीनर’ पावडरींत कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड असते. ते चरबीचा साबण करते आणि केसांनाही खाते, त्यामुळे पाणी थोडेफार सरकत असलेल्या पाइपात ते काम करते. अडचण पूर्ण तुंबलेल्या पाइपात येते. पावडर पाण्यात विरघळताना प्रचंड उष्णता निघते. वरून गरम पाणी ओतले तर मिश्रण उसळून चेहऱ्यावर येऊ शकते. पाणी कमी पडले तर पावडरीचाच दगडासारखा गोळा होतो आणि मूळ चोकअपपेक्षा तो फोडणे अवघड जाते. अ‍ॅल्युमिनियमच्या वस्तूंशी तिचा संबंध आला तर ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो. कातडीवर ती आधी फक्त बुळबुळीत लागते, आग नंतर होते. म्हणूनच लोक हात धुवायला उशीर करतात. डोळ्यात गेल्यास दृष्टी जाऊ शकते.

फरशी धुण्याचे हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड तर या कामासाठी नाहीच. ते क्षार काढते. चरबीवर आणि केसांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. परिणाम होतो तो संगमरवरावर, फरशीच्या सांध्यांतल्या सिमेंटवर, नळांच्या चकाकीवर आणि श्वासनलिकेवर. अ‍ॅसिडच्या खुल्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये लक्ष्मी अगरवाल यांच्या याचिकेवर निर्बंध आणले. त्याचे कारण अ‍ॅसिड हल्ले हे होते, पण ज्या द्रवाने माणसाचा चेहरा जातो तो द्रव घरात पाण्याच्या बाटलीत भरून ठेवला जातो, हेही तितकेच खरे.

सर्वात मोठा धोका मिश्रणाचा. आधी पावडर घातली, काही झाले नाही. मग टॉयलेट क्लीनर ओतला, तरीही नाही. मग कपड्यांचे ब्लीच. बहुतेक टॉयलेट क्लीनरांत आम्ल असते आणि ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, तोच वायू जो पहिल्या महायुद्धात एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या खंदकांवर सोडला गेला. तो हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे खाली वाकून मोरी साफ करणाऱ्याच्या नाकातोंडाशीच साचतो. दार लावलेल्या लहानशा बाथरूममध्ये थोडा वायूही पुरेसा असतो. ब्लीच अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये मिसळले तरी असाच घातक वायू तयार होतो.

असे काही घडल्यास ओतलेले आवरत बसू नये. ताबडतोब बाहेर पडावे, दारे-खिडक्या उघडाव्यात, श्वास लागत असेल तर १०८ वर फोन करावा. अंगावर किंवा डोळ्यात रसायन गेल्यास वाहत्या साध्या पाण्याखाली किमान १५ ते २० मिनिटे धुवावे. कॉस्टिकवर लिंबू किंवा व्हिनेगर चोळू नये, त्याने जखम वाढते. मुलाने चुकून गिळले तर उलटी काढायचा प्रयत्न करू नये, थेट रुग्णालय गाठावे.

चेंबरमध्ये कोणी उतरायचे?

कोणीही नाही. सोसायटीचा चेंबर तुंबला की झाकण उघडून बांबूची कामटी घालणे, फार तर जेटिंग मशीन मागवणे, इथपर्यंत ठीक. आत माणूस उतरवणे मात्र नाही. सडलेल्या मैल्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड आधी वास घेण्याची शक्तीच बधिर करतो, त्यामुळे धोका ओळखता येत नाही. सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणसाला उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि ते काम रोजंदारीवर करवून घेणारी सोसायटीही त्यातून सुटत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारसफाईतील मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. अडथळा रस्त्यावरच्या महापालिकेच्या वाहिनीत असेल तर तक्रार पालिकेकडे करावी. मुंबईत त्यासाठी १९१६ हा क्रमांक आहे.

प्लंबर केव्हा बोलवावा?

पाइप उघडून, पंप मारून, स्प्रिंग फिरवूनही पाणी हलत नसेल, आठवड्याभरात तेच सिंक पुन्हा तुंबत असेल, किंवा खालच्या मजल्याच्या छताला ओल दिसू लागली असेल तर आणखी जोर करू नये. भिंतीतला जुना ओतीव लोखंडाचा किंवा सिमेंटचा पाइप फुटला, तर चोकअपपेक्षा कितीतरी मोठा खर्च समोर उभा राहतो.

आणि प्लंबर आल्यावर, त्याने नटाला हात लावण्याआधी, सिंकमध्ये काय काय ओतले आहे ते त्याला स्पष्ट सांगावे. आपण काल घातलेली पावडर किंवा अ‍ॅसिड अजून त्याच पाइपात साचलेले असते आणि नट सोडताना त्याचा चेहरा त्याखाली असतो.